नाला मीच होतो

गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात माझे स्नेही श्री. डेहणकर यांनी आमच्या कॉलनीच्या फुटबॉल मैदानाच्या आठवणी लिहिल्या. त्यातील मैदान खरे आहे, माणसेही खरी आहेत. परंतु त्या मैदानावर त्यांनी स्वतःला जेथे उभे केले आहे, ती जागा माझी आहे. प्राची खापरे हिला चेंडूसह वळण्याचे शिक्षण देताना आपण स्वतः ‘नाला’ झालो होतो आणि भाऊसाहेब, म्हणजे मी, समोरून चेंडू पुरवत होतो, असे त्यांनी छापून आणले. मंडळाच्या वाचनालयात मी तो लेख प्रथम उभ्याने वाचला आणि नंतर बसून वाचला. छापील विधानाला उत्तर छापीलच असावे, चहाच्या टपरीवर वाद घालू नये, या विचाराने मी वर्षभर थांबलो. टपरीवर जे काही झाले, ते डेहणकरांनी सुरू केले होते.

माणूस नाला कसा होतो, हे समजण्यासाठी आधी थोडा धंदा समजून घ्यावा लागेल.

मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात परीक्षण विभागात नोकरी केली. तयार होऊन आलेला भाग मापात आहे की नाही, हे गेजने तपासायचे, एवढेच काम. गेजला दोन टोके असतात. एक टोक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. या दोन अटींवर माझा संसार उभा राहिला. संध्याकाळी कारखान्याच्या संघात फुटबॉल खेळलो, पुढे संघाला शिकवले आणि निवृत्तीनंतर कॉलनीतील मुलींचा संघ हाती घेतला. वळणाबद्दल मला कोणी विचारले, तर मी गेजचीच भाषा वापरतो: चेंडू गेला पाहिजे, प्रतिस्पर्धी जाता कामा नये.

बाहेरच्या माणसाला वाटते की फुटबॉल म्हणजे पुढे धावणे. वस्तुस्थिती अशी की खेळाडूची पाठ बराच वेळ गोलकडे असते, कारण चेंडू त्याला आपल्याच माणसांकडून, मागच्या फळीतून येतो. तो घ्यायचा आणि अंगाला प्रतिस्पर्धी चिकटलेला असताना गोलकडे तोंड करायचे, ही खरी विद्या. तिचे मी चार प्रकार शिकवत असे आणि त्यांना घरगुती नावे दिली होती. पायाच्या आतल्या बाजूने चेंडूभोवती आकडा टाकून तो परतवायचा, ती ‘आकडी’. बाहेरच्या कडेने, अंगणातला केर सारावा तसा सारायचा, तो ‘झाडू’. तळवा चेंडूवर ठेवून तो मागे घ्यायचा, ती ‘ओढ’. आणि जोरात मारण्याचा आव आणून तोच चेंडू उभ्या पायामागून काढायचा, ती ‘हूल’. ही शेवटची तऱ्हा जगभर एका परदेशी खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. आमच्या कॉलनीत त्याचे काही चालत नाही. ही नावे पूर्वीपासून प्रचलित होती, असेही डेहणकरांनी लिहिले आहे. प्रचलित होती, हे मान्य. ती मी प्रचलित केली होती.

चारही वळणांत काही गोष्टी समान आहेत. गुडघे वाकलेले हवेत, अंगाचा भार खाली हवा. हात किंचित बाजूला काढून पाठीमागचा माणूस चाचपायचा. त्याला ढकलायचे नाही, तो कोठे आहे एवढेच कळून घ्यायचे. वळताना चेंडूला हलका स्पर्श द्यायचा आणि वळल्यावर तीरासारखे सुटायचे, कारण वळून उभा राहणारा वळलाच नाही असे समजावे. परंतु या सर्वांच्या आधी एक गोष्ट येते, आणि ती पायाची नाही. चेंडू येत असतानाच खांद्यावरून मागे पाहून घ्यायचे. मान आधी, पाय मागून. हे मी आयुष्यभर ओरडून सांगितले, आणि आयुष्यभर मुलांनी पाय आधी चालवले.

आता मैदान. रांझीच्या बाजूला आमचे मैदान आहे. त्याच्या एका अंगाला नाला वाहतो. नाल्याच्या काठावर बेशरमाची झुडपे आणि आत म्हशी असतात. पाण्याविषयी लिहिण्याची ही जागा नव्हे. मैदानाचा उतार नेमका त्याच बाजूला आहे. आमच्याकडे जुना दंडक असा की ज्याच्या पायातून चेंडू नाल्यात जाईल, त्यानेच उतरून तो आणायचा. यात वय, हुद्दा वा लिंग यांची सवलत नाही. कारखान्याचे एक बडे साहेब एकदा हौसेने खेळावयास आले होते, तेही उतरले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात रामलीलेच्या मंचाचा लोखंडी सांगाडा बारमाही उभा असतो आणि उरलेल्या जागेवर क्रिकेटवाल्यांचा कबजा आहे. त्यामुळे सराव पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोलवर चालत आला. त्या गोलकडे पाठ करून चेंडूची वाट पाहत उभे राहिले की नाला डाव्या हाताला येतो. परिणामी आमच्या मैदानावर वाढलेले प्रत्येक मूल नाला चुकवून, उजव्या खांद्यावरूनच वळते. ते वळण इतके डौलदार की पाहणारा वाहवा म्हणे. मीही म्हणत असे, आणि त्यात गैर काही नव्हते. उजवे वळण उत्तमच होते. डावे वळण कोणाला येते की नाही, हे तपासण्याची वेळच आली नव्हती.

ती वेळ विजय नगरातील एका क्लबने आणली. त्यांच्या मुलींशी आमच्या मुलींचा मैत्रीचा सामना झाला. आमची मुख्य खेळाडू प्राची, मधल्या फळीत खेळणारी, अंगाने काटक, पायाने चपळ. विजय नगरची बचावपटू उंच आणि थंड डोक्याची होती. तिने सुरुवातीला थोडा वेळ नुसते पाहिले. नंतर ती प्राचीच्या उजव्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि सामना संपेपर्यंत तेथून हलली नाही. प्राची वळे आणि सरळ तिच्या पायात चेंडू नेऊन ठेवी. शेवटी तर ती पोरगी गोड आवाजात म्हणाली, “दीदी, इधर ही आओगी ना? आओ, आओ.”

सामना संपल्यावर प्राची पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ बसली. तिचे डोळे लाल होते.

“काका, ती आधीच तिथं कशी येऊन उभी राहते? जादू है क्या?”

“जादू नाही. तू दर वेळी तिकडेच जातेस.”

“काहून?”

“नाल्यामुळे.”

तिने बाटली खाली ठेवली. “नाला तर आपल्याकडं आहे ना, काका! विजय नगरात कुठं नाला आहे?”

“तोच तर रोग आहे,” मी म्हणालो. “तू नाला सोबत घेऊन फिरतेस.”

एरवी हे हसण्यावारी गेले असते. परंतु केंद्र सरकारच्या एका खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघाली होती आणि तिची निवड चाचणी जवळ आली होती. प्राचीचे वय त्या वर्षी कसेबसे अटीत बसत होते. पुढील वर्षी बसणार नव्हते. तिची आई, रेखावहिनी, दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आल्या. त्यांनी चहा घेतला नाही, यावरून मला प्रकरणाचे गांभीर्य समजले.

“भाऊसाहेब, सराफ्यातल्या एका पेढीवाल्यानं पोरीला काउंटरवर ये म्हणून सांगतलं आहे. मी ‘पाहू, पाहू’ म्हणून थांबवून ठेवून राहिली. पण किती दिवस थांबवू? चलो, पेढी वाईट नाही. पण ती दिवसभर खुर्चीवर बसून लोकांना बांगड्या दाखवन, हे मला डोळ्यासमोर आणवत नाही. तुम्हाला वाटते का, तिचं होईल?”

मी म्हणालो, “वहिनी, पोरगी पक्की आहे. फक्त अर्धी आहे. उरलेली अर्धी मी करून देतो.”

शब्द देऊन बसल्यावर मला रात्रभर झोप आली नाही, असे लिहिण्याचा प्रघात आहे. मला झोप उत्तम आली. सकाळी मैदानावर डेहणकर उपाय घेऊन हजर होते.

डेहणकर हे आमच्या कारखान्याच्या संघाचे गोलरक्षक. गोलरक्षकाला चेंडू नेहमी समोरून येतो आणि वळण्याचा प्रसंग येतो तो फक्त जाळीतला चेंडू काढण्यासाठी. हे मी त्यांच्या तोंडावर अनेकदा बोललो आहे, म्हणून येथे लिहिण्यास हरकत नाही.

“भाऊसाहेब, सीधी बात आहे,” ते म्हणाले. “क्रिकेटवाल्यांशी बोलू, सांगाडा हटवू, गोल तिकडच्या टोकाला नेऊ. मग नाला उजव्या हाताला येईल. पोरी डावीकडून वळतील. खेल खतम.”

“आणि मग उजवीकडून कोण वळेल? तुमचे वडील?”

“वडिलांपर्यंत काहून जाता?”

“खांदा बदलल्याने ओझे उतरत नाही, डेहणकर. आज ती उजवीकडे आंधळेपणाने वळते, उद्या डावीकडे वळेल. बचाव करणारी बया दुसऱ्या खांद्याशी जाऊन उभी राहील.”

“मग तुम्ही काय करता, ते सांगा.”

“मी नाला होतो.”

ते हसले. त्यांच्या लेखात हे हसणे नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

योजना अशी होती. प्राचीने गोलकडे पाठ करून उभे राहायचे. समोरून डेहणकरांनी चेंडू द्यायचा. तिच्या पाठीमागे मी, बंद छत्री आडवी धरून, कधी उजव्या खांद्याशी तर कधी डाव्या खांद्याशी उभा राहणार. चेंडू पोहोचण्यापूर्वी तिने मागे पाहून “नाला डावा” किंवा “नाला उजवा” असे ओरडायचे आणि विरुद्ध, म्हणजे मोकळ्या बाजूने वळायचे. छत्रीला चेंडू लागला, तर तो नाल्यात गेला असे धरून तिने खऱ्या नाल्याच्या काठापर्यंत धावून परत यायचे. मी कॅनव्हासचे बूट घातले, जेणेकरून पावलांचा आवाज होऊ नये.

पहिले दिवस हास्यास्पद गेले, हे मी नाकारत नाही. प्राची “नाला उजवा” असे ओरडे आणि सवयीने उजवीकडेच वळून नाल्याच्या काठाकडे धावू लागे, जणू शिक्षा पाठ झाली होती. मी जागा बदलली की ती जुन्या जागेकडे पाहून ओरडे. डेहणकरांचे चेंडू कमरेएवढे उंच येत, कारण आयुष्यभर त्यांना फक्त दूर भिरकावण्याची सवय. एकदा तर प्राची वळताना थेट माझ्यावर आदळली. डेहणकरांनी लिहिले आहे की मी पडलो. मी पडलो नाही. मी खाली बसलो, आणि बसण्याचा वेग अधिक होता.

क्रिकेट सोडून तिकडची मुले आमच्याकडे पाहावयास येऊ लागली. एकाने विचारले, “अंकल, ये कौन सा खेल है?”

प्राचीने धापा टाकत उत्तर दिले, “नाला-नाला. खेलोगे?”

त्या आदळण्यानंतर माझा गुडघा सुजला आणि काही संध्याकाळी मला खुर्चीवर बसून राहावे लागले. त्या काळात छत्री डेहणकरांच्या हाती गेली आणि चेंडू मी खुर्चीवरून सोडू लागलो. हेच ते बीज, ज्यातून गेल्या वर्षीचा लेख उगवला. बदली कामगाराने हजेरी लावावी, पदावर हक्क सांगू नये. शिवाय नाला म्हणून त्यांचे काम कसे होते, तेही सांगणे प्राप्त आहे. डेहणकरांना उभ्या उभ्या भजन गुणगुणण्याची सवय आहे. ते उजवीकडे गेले की भजन उजवीकडून येई, डावीकडे गेले की डावीकडून. प्राची मान न वळवता अचूक ओरडे आणि अचूक वळे, आणि डेहणकर आनंदाने माझ्याकडे पाहून म्हणत, “बघा भाऊसाहेब, जमून राहिलं ना?”

मी खुर्चीवरून ओरडलो, “जमले नाही! ती ऐकते आहे, पाहत नाही! ज्या नाल्याचा आवाज येतो, त्याच्याकडे मान वळवून पाहायचे कशाला?”

“मग मी श्वास बी बंद करू का?”

“काका,” प्राची म्हणाली, “डेहणकर काकांना राहू द्या ना. भजन छान वाटते.”

सूज उतरण्याची वाट न पाहता मी दुसऱ्या दिवशी छत्री परत घेतली.

हळूहळू फरक पडला. तो पायांत दिसला नाही, मानेत दिसला. चेंडू डेहणकरांच्या पायातून सुटायचा आणि त्याच क्षणी तिची हनुवटी खांद्याकडे जायची, पाखराने दाणा टिपावा तशी झटकन जाऊन परत यायची. मग ओरडण्याची गरज राहिली नाही. मी डावीकडे असलो की उजवीकडे झाडू, उजवीकडे असलो की डावीकडे ओढ. एका संध्याकाळी मी लबाडी करून चेंडू सुटल्यावर जागा बदलली. तिने दुसऱ्यांदा पाहिले, हूल दिली, आणि मी छत्रीसह जागच्या जागी दोनदा गरगरलो. ती हसत गोलकडे निघून गेली होती. परीक्षण विभागाच्या भाषेत सांगायचे, तर एक टोक गेले होते, दुसरे गेले नव्हते.

निवड चाचणीला आम्ही दोघे डेहणकरांच्या स्कूटरवरून गेलो. मी मागे छत्री घेऊन बसलो होतो. रेखावहिनी आधीच पोहोचल्या होत्या आणि पदराचे टोक पिळत उभ्या होत्या. मैदानावर पाहतो तो समोरच्या संघात विजय नगरची तीच उंच बचावपटू. तिने प्राचीला ओळखले, गोड हसली आणि उजव्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

पहिला चेंडू आला. प्राचीने पाहिले नाही. पाय आधी चालले, उजवीकडे वळली आणि चेंडू अलगद त्या मुलीच्या पायात गेला.

रेखावहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, “गेलं, भाऊसाहेब.”

बाहेरून शिकवणाऱ्याने ओरडू नये, असा चाचणीचा नियम होता. मी छत्रीची मूठ घट्ट धरून गप्प उभा राहिलो. दुसरा चेंडू प्राचीकडे निघाला, आणि तेवढ्यात डेहणकरांना मोठा खोकला आला. या खोकल्यामुळे प्राचीला भान आले, असे त्यांनी लेखात सूचित केले आहे. त्या खोकल्याविषयी मी तूर्त काही म्हणत नाही. मी एवढेच पाहिले की तिची हनुवटी खांद्याकडे गेली आणि परत आली. तळवा चेंडूवर पडला, चेंडू मागे सरकला, आणि ती डावीकडून, आमच्या मैदानावर वाढलेले कोणी सामन्यात कधी वळले नव्हते त्या बाजूने, वळून मोकळ्या जागेत सुटली. उंच मुलगी उजव्या बाजूला भिंतीसारखी उभीच राहिली.

तिसऱ्या चेंडूला ती मुलगी डावीकडे सरकली. प्राची उजवीकडून गेली. मग ती मुलगी मधोमध उभी राहू लागली, आणि मधोमध उभा असलेला माणूस दोन्ही बाजूंनी उघडा असतो. रेखावहिनींनी पदर सोडला आणि माझ्या हातातली छत्री धरली. ती परत मिळायला बराच वेळ लागला.

प्राचीची निवड झाली. सराफ्यातल्या पेढीवाल्यांकडे रेखावहिनी स्वतः पेढे घेऊन गेल्या, आणि त्या दिवशी आमच्याकडे चहाही घेतला.

आता वादाचा निकाल. यंदा दसऱ्याला प्राची सुटीवर आली आणि थेट मैदानावर आली. नव्या मुली सराव करत होत्या, डेहणकरही होते. मला हवी होती तशी वेळ जुळून आली. साक्षीदार एकच आणि दोन्ही पक्ष हजर.

“प्राची,” मी म्हणालो, “खरे सांग. नाला कोण होते?”

“आठवून सांग बरं, बेटा,” डेहणकर म्हणाले. “भजन आठव.”

“साक्षीदाराला पढवू नका!”

प्राचीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

“काका, खरं सांगू? मला नाही आठवत.”

“नाही आठवत? इतके दिवस मी तुझ्या पाठीशी उभा होतो!”

“मी नाल्याकडं कुठं पाहत होती? तुम्हीच तर सांगतलं होतं, मोकळी बाजू पाहायची. मी दर वेळी तीच पाहिली. उभं कोण आहे, ते कधी पाहिलंच नाही.”

डेहणकरांनी हा निकाल आपल्या बाजूचा मानला. विचारी वाचकांच्या ध्यानात येईल की तो माझ्या बाजूचा आहे. भजन ऐकले असते, तर तिला ते आठवले असते. हे मी तेथेच मांडू लागलो. त्यावर त्यांनी खोकल्याचा विषय काढला आणि आवाज चढले.

“चलो, चलो, बस करा,” प्राची म्हणाली. “दोघंही नाला व्हा. मी चेंडू देते.”

तिने नव्या मुलींतील एकीला गोलकडे पाठ करून उभे केले. मी छत्री घेऊन तिच्या उजव्या खांद्याशी गेलो आणि डेहणकर कारखान्याच्या जुन्या रेनकोटची घडी घेऊन डाव्या खांद्याशी. प्राचीने चेंडू सोडला. त्या मुलीने मान वळवून उजवीकडे पाहिले, तेथे मी होतो. डावीकडे पाहिले, तेथे डेहणकर होते, भजनासह. तिने क्षणभरही न थांबता चेंडू आला तसाच प्राचीकडे परत दिला आणि आम्हा दोघांना तेथेच सोडून पुढे पळून गेली.

दोन्ही बाजू बंद असतील तेव्हा वळायचे नाही, हे पाचवे तंत्र. ते मी कोणालाच शिकवले नव्हते. डेहणकर म्हणतात की त्यांनी शिकवले.